शेजारी फ्रॅट हाऊस असेल तर काय करायचं

फ्रॅट हाऊस म्हणजे फ्रॅटर्निटीचं, कॉलेजच्या पोरांच्या क्लबचं घर. अमेरिकेत कॉलेजजवळ घर घेतलं की हे कधी ना कधी होतंच, रात्री एक वाजता बास धडधडतोय आणि सकाळी लॉनवर लाल कप पडलेत. पहिलं म्हणजे भांडायला जायचं तर पार्टी चालू असताना जाऊ नका, पिलेल्या पोरांशी बोलून काही होत नाही.

सेमिस्टर सुरू झालं की दुपारी जा, चॅप्टरच्या (म्हणजे फ्रॅटच्या त्या कॉलेजमधल्या शाखेच्या) प्रेसिडेंटला भेटा, आणि रिस्क मॅनेजमेंट, म्हणजे पार्टीत काही गडबड होऊ नये हे बघणाऱ्या पोराचा नंबर घ्या, बहुतेक चॅप्टरमध्ये असा एक जण असतोच. मोठ्या पार्टीच्या आधी मेसेज करा म्हणावं. खरं सांगू, निम्मी कटकट इथेच मिटते.

नाही मिटली तर सिटीचा नॉइज ऑर्डिनन्स (आवाजाबद्दलचा स्थानिक नियम) वाचा, शांततेची वेळ कुठे रात्री १० कुठे ११ पासून असते. नुसत्या आवाजासाठी ९११ नाही, पोलिसांचा नॉन-इमर्जन्सी नंबर लावायचा, पण कोणी बेशुद्ध पडलंय किंवा मारामारी चाललीये तर लगेच ९११.

तारीख, वेळ, व्हिडिओ सगळं लिहून ठेवा, कारण नंतर युनिव्हर्सिटीच्या ग्रीक लाइफ ऑफिसला (फ्रॅटसारख्या क्लबांचं काम बघणारं ऑफिस) आणि फ्रॅटच्या नॅशनल हेडक्वार्टरला ईमेल टाकताना तेच कामाला येतं. पोरं हेडक्वार्टरला जास्त घाबरतात, चार्टर, म्हणजे हेडक्वार्टरने दिलेली मान्यता, गेला तर चॅप्टरच बंद. आणि दारूचं वय २१ आहे, त्यामुळे १८-१९ ची पोरं पिताना दिसली तर तेही त्या ईमेलमध्ये लिहा.