पोस्टफिक्स मेल सर्व्हर ‘ॲक्टिव्ह’, तरी पोर्ट २५ वर (मेल स्वीकारण्याच्या पोर्टवर) उत्तर नाही?

सर्व्हिसची स्थिती दाखवणाऱ्या सिस्टमसीटीएल कमांडवर विसंबू नका. डेबियन-उबुंटूच्या कित्येक आवृत्त्यांत पोस्टफिक्सची मुख्य मास्टर प्रोसेस बंद पडली तरी सर्व्हिस ‘ॲक्टिव्ह (एक्झिटेड)’ दिसते. रूट म्हणून ‘एसएस -एलटीएनपी’ (ss -ltnp) चालवा; कोणती प्रोसेस कोणत्या पत्त्यावर आणि पोर्टवर ऐकते आहे, ते ही कमांड दाखवते. २५ ची ओळच नसेल तर आधी मेल लॉग वाचा, मग पोस्टफिक्सच्या मास्टर.सीएफ (master.cf) या सेटिंग फाइलमधली ‘एसएमटीपी आयनेट’ (smtp inet) ओळ हॅश (#) लावून बंद केलेली नाही ना, ते पाहा.

ओळ आहे, पण पत्ता फक्त १२७.०.०.१, म्हणजे त्याच मशीनचा आतला? मग बाहेरून जोडणी होणारच नाही. मेन.सीएफ (main.cf) या दुसऱ्या सेटिंग फाइलमध्ये ‘आयनेट_इंटरफेसेस = ऑल’ (inet_interfaces = all) करा आणि पोस्टफिक्स पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करा. या बदलाला नुसतं रीलोड पुरत नाही, आणि नेमकं हेच सुटतं. ०.०.०.०:२५ (म्हणजे मशीनच्या सर्व पत्त्यांवर पोर्ट २५) दिसूनही जोडणी होत नसेल तर अडचण फायरवॉलमध्ये शोधा. चाचणी मात्र दुसऱ्या मशीनवरूनच घ्या.