राज्याच्या 'विक्रमी प्रगती'वर नेत्याला प्रश्न विचारताय? या चुका टाळा

नेता म्हणतो, "दहा वर्षांत आम्ही राज्याची अर्थव्यवस्था दुप्पट केली." त्यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "खोटं! आकडे फुगवलेत." वाद इथेच हातातून जातो. आकडा बहुतेक वेळा खरा असतो, सरकारी अहवालातूनच उचललेला असतो. समोरच्याने तो कागद पुढे केला की तुमची बोलती बंद. त्यापेक्षा आकडा खरा धरून चाला आणि तो नेमका कशाचा आहे ते विचारा.

या 'दुप्पट'चंच बघा. चालू किमतींना की स्थिर किमतींना? चालू किमतींच्या आकड्यात महागाईही मिसळलेली असते, स्थिर किमतींच्या आकड्यातून ती वगळलेली असते. २०११-१२ पायाभूत वर्षाच्या (म्हणजे त्या वर्षाच्या किमती आधार धरणाऱ्या) मालिकेनुसार २०१३-१४ ते २०२३-२४ या दहा वर्षांत सगळ्या देशाचंच उत्पन्न चालू किमतींना अडीच पटीहून जास्त झालं. स्थिर किमतींना मोजलं तर ते सुमारे १.८ पट भरतं. म्हणजे याच काळात चालू किमतींना जेमतेम दुप्पट झालेलं राज्य देशाच्या मागे पडलेलं असतं, आणि टाळ्या मात्र त्याच आकड्यावर पडतात! स्थिर किमतींना दुप्पट असेल, तर कामगिरी खरंच चांगली आहे. तेवढं मान्य करायला लाजू नका. सुरुवातीचं वर्षही तपासा. २०२०-२१ या कोविडच्या वर्षापासून मोजलं तर कोणाचाही आलेख उभा चढलेला दिसतो.

"आपण देशात पहिले" हा दावाही असाच. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था देशात सर्वांत मोठी आहे, त्यात वाद नाही. पण पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या सप्टेंबर २०२४ च्या टिपणानुसार देशाच्या उत्पन्नातला महाराष्ट्राचा वाटा २०१०-११ मध्ये १५.२ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये १३.३ टक्क्यांवर आला. क्रमांक तोच, वाटा कमी. या काळात राज्यात जवळपास सगळेच मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत होते, त्यामुळे हा आकडा एकाच पक्षावर फेकून मारायला निघालात तर तोंडघशी पडाल.

मग लोक दरडोई उत्पन्नाकडे वळतात. हे बरोबरच, पण तोही शेवटचा शब्द नव्हे. सिक्कीम या यादीत अगदी वर असतं, कारण लोकसंख्या चिमुकली आणि त्यात जलविद्युत प्रकल्प नि औषध कारखाने. उत्पादन सिक्कीमच्या खात्यात मोजलं जातं. कंपनीचा नफा सिक्कीमच्या माणसाच्याच खिशात गेला असं त्यावरून म्हणता येत नाही. केरळचं उलट. आखातातून घरी येणारा पैसा राज्याच्या स्थूल उत्पन्नात धरलाच जात नाही.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती बेरोजगारीच्या दरावर. केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात २०२३-२४ मध्ये केरळचा दर ७.२ टक्के होता, बिहारचा ३ टक्के. म्हणून केरळची पोरं कामासाठी बिहारला निघाली का? घरी बसून मनासारख्या नोकरीची वाट बघणं ही गरिबाला परवडणारी गोष्ट नाही. तो मिळेल ते करतो, आणि सर्वेक्षणात 'रोजगार असलेला' म्हणून मोजला जातो. घरच्या शेतात बिनपगारी राबणारी बाईही त्यातच. तेव्हा बेरोजगारी किती हे विचारून थांबू नका. नियमित पगारावर किती, स्वयंरोजगारात किती आणि घरच्या धंद्यात बिनपगारी किती, ते विचारा. सर्वेक्षणात ही विभागणी असते, भाषणात नसते.

गुंतवणुकीच्या बाबतीत सामंजस्य करारांची बेरीज धरून भांडू नका, बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला महाराष्ट्राने साडेपंधरा लाख कोटींहून अधिकचे करार जाहीर केले. करार म्हणजे इरादा. प्रश्न असा हवा: तीन वर्षांपूर्वीच्या करारांपैकी किती कारखान्यांत उत्पादन सुरू झालं? परकीय गुंतवणुकीचे राज्यनिहाय आकडे ऑक्टोबर २०१९ पासूनच मिळतात. त्याआधी ते रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयांनुसार असत, आणि मुंबई कार्यालयाच्या खात्यात महाराष्ट्राबरोबर दादरा-नगर हवेली, दमण-दीवही यायचे. दोन्ही आकडे जोडून काढलेल्या आलेखावर विश्वास ठेवू नका.

आणि श्रेयाचं काय? शेजारच्या राज्यांचे त्याच वर्षांचे आकडे बाजूला ठेवून बघा. सगळीकडे सारखीच वाढ असेल, तर मुख्यमंत्र्यांनी वेगळं काय केलं ते त्यांनाच सांगू द्या. रिझर्व्ह बँक राज्यांविषयीची आकडेवारी दरवर्षी एकत्र प्रसिद्ध करते आणि ती फुकट बघता येते. सभेला जाण्याआधी तिच्यातलं एकच कोष्टक, पण वर्ष आणि किमतींचा प्रकार यांसकट, लिहून घ्या. दहा प्रश्न घेऊन गेलात तर नेता त्यातला सोपा निवडतो.