घानाच्या प्रसूतिकक्षात रुजू होणाऱ्यांसाठी

घानामध्ये परिचारिका आणि मिडवाइफ ही दोन स्वतंत्र पदे आहेत, हे तिथे नोकरीचा विचार करणाऱ्यांनी सर्वांत आधी ध्यानात घ्यावे. आपल्याकडे जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झाले की आरएन-आरएम, म्हणजे परिचारिका आणि मिडवाइफ, अशी जोडनोंदणी मिळते आणि एकच परिचारिका आज बालरोग कक्षात, तर उद्या प्रसूतिकक्षात उभी राहते. तिथे मिडवाइफ वेगळ्या अभ्यासक्रमातून येते, प्रसूतिकक्ष तिच्या अखत्यारीत असतो आणि सामान्य परिचारिका प्रसूती करायला सहसा पुढे होत नाही. त्यामुळे अर्ज करतानाच आपण कोणत्या पदासाठी नोंदणी मागत आहोत हे स्पष्ट लिहावे आणि प्रशिक्षणकाळात केलेल्या प्रसूतींची प्रमाणित नोंद सोबत जोडावी.

कागदपत्रांचे फार लांबवत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी करून घ्यावी लागते आणि घानाच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलचा परवाना हाती आल्याखेरीज रुग्णाला हात लावू नये. पीतज्वराची (यलो फीवर) लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. त्या प्रमाणपत्राशिवाय देशात प्रवेश नाही.

खरे काम सुरू होते ते गर्भवतींच्या तपासणीच्या सकाळी. घानातील कुमासी शहराच्या परिसरातील ज्या रुग्णालयात मी काम केले, तिथे नावे पुकारण्याआधी बाकांवर बसलेल्या सगळ्या स्त्रियांशी एक ज्येष्ठ मिडवाइफ ट्वी भाषेत बोलत असे. धोक्याची लक्षणे तिने सांगावीत आणि बायकांनी माना डोलवाव्यात, असा आपल्याकडचा ओळखीचा प्रकार तिथे नव्हता. ती एखादीला उभी करून विचारायची, "डोके ठणकले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर काय करशील?" एकदा उत्तर आले, "पडून राहीन, सकाळी येईन." त्यावर न रागावता तिने पुढचा प्रश्न केला, "रात्री गाडी कोण आणेल?" रात्री ट्रोट्रो (प्रवासी मिनीबस) मिळत नाही, शेजारच्या टॅक्सीवाल्याला पैसे द्यायचे तर नवरा घरी हवा, हे एकेक करून बाहेर आले. शेवटी त्या टॅक्सीवाल्याचा फोन क्रमांक तिच्या माता-बाल आरोग्य नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहिला गेला. बाईला लक्षण माहीत होते; अडत होते ते गाडीपाशी आणि पैशांपाशी. नवख्या माणसाने आरोग्यशिक्षणाचे तक्ते लावून तयारी करण्यापेक्षा असे प्रश्न विचारायला शिकावे, असे माझे ठाम मत झाले आहे. २००८ पासून गर्भवतींना राष्ट्रीय आरोग्य विम्याखाली हप्ता न भरता सेवा मिळते, पण प्रसूतीला येताना ब्लीच, डेटॉल, पॅड आणि रबरी चादर बरोबर आणायची यादी बहुतेक ठिकाणी हातात पडतेच. तो खर्च कुटुंबाला झेपेल का, हेही त्याच बोलण्यात समजून घ्यावे.

भाषेची अडचण येणारच. नोंदी इंग्रजीत असतात, पण वेदना कोणी इंग्रजीत सांगत नाही. अशांतीत, म्हणजे कुमासीच्या भागात, ट्वी, तर उत्तरेला तामालेकडे दागबानी चालते. दुभाष्याचे काम करणाऱ्या सहकारी परिचारिकेला पूर्ण वाक्य सांगू द्यावे आणि आपण रुग्णाकडे पाहावे. उत्तरेत प्रसूती लवकर व्हावी म्हणून कलिगुटिम नावाचे गावठी औषध दिले जाते. त्याने गर्भाशयाचे आकुंचन अतिशय जोराने होऊ शकते. दाखल करून घेताना "काय प्यायलीस?" असे दरडावून विचारले तर उत्तर हमखास "काही नाही" असेच येते. "घरी आईने काय दिले?" असे विचारल्यावर खरे कळते. ते कळण्याआधी कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या सलाइनला हात लावणे धोक्याचे आहे.

दोन गोष्टी आपल्या अभ्यासक्रमात पुरेशा येत नाहीत. पहिली म्हणजे मलेरियाचा प्रतिबंध. तिथे दुसऱ्या तिमाहीपासून, दोन मात्रांमध्ये किमान महिनाभराचे अंतर ठेवून, दर वेळी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच्या तीन गोळ्या परिचारिकेच्या समोर गिळायला लावतात. त्याआधी सल्फाची ॲलर्जी विचारावी आणि जी-सिक्स-पीडी या रक्तातील विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेच्या तपासणीचा निकाल पाहावा. फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी चालू असेल तर ती या औषधाचा परिणाम कमी करते, म्हणून तीही तपासावी.

दुसरी गोष्ट सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची, आणि इथे विदर्भातून किंवा नंदुरबारकडून गेलेल्यांनी विशेष सावध राहावे, कारण आपल्याला हा आजार ओळखीचा वाटतो. घानात जन्मणाऱ्या बालकांपैकी सुमारे २ टक्के सिकलसेलग्रस्त असतात. कुमासीत नवजात बालकांच्या तपासणीचा प्रकल्प १९९५ मध्येच सुरू झाला. आपल्याला एसएस म्हणजे रुग्ण आणि एएस म्हणजे वाहक, एवढेच ठाऊक असते. पश्चिम आफ्रिकेत हिमोग्लोबिन सी हाही प्रकार मोठ्या प्रमाणात आढळतो, त्यामुळे एससी (एक एस आणि एक सी असलेले) रुग्ण भरपूर असतात. अशा बाईचे हिमोग्लोबिन बऱ्याचदा १० ग्रॅमच्या वर असते, ती धडधाकट दिसते, आणि शेवटच्या आठवड्यांत किंवा बाळंतपणानंतर अचानक हाडे ठणकू लागतात, छातीत दुखते, श्वास लागतो. साधी सिकलिंग चाचणी एएस, एसएस आणि एससी या तिघांतही सकारात्मक येते. तेव्हा नोंदवहीत नुसते "सिकलिंग पॉझिटिव्ह" दिसले तर पहिल्याच भेटीत इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचा नेमका प्रकार सांगणारी तपासणी, मागावी. प्रसूतीनंतर घरी सोडताना अंगदुखीला बाळंतपणाची दुखणी समजून शेकत बसू नका, छातीत दुखले तर त्याच दिवशी परत आणा, हे तिच्याइतकेच तिच्या आईलाही सांगावे आणि आईच्या तोंडून ते पुन्हा वदवून घ्यावे, कारण बाळंतिणीची उठबस त्या घरात आईच पाहते.