जपानमध्ये गल्लीतल्या शिंतो देवळात जाताय? या चुका टाळा

जपानमध्ये फिरायला किंवा नोकरीसाठी गेलेल्या आपल्या माणसांकडून शिंतो देवळात होणाऱ्या निम्म्या चुका भक्तिभावातूनच होतात. देऊळ दिसलं की हात आपोआप चपलांकडे जातो, मग फुलं शोधायची, उदबत्ती लावायची, प्रदक्षिणा घालायची. जिंजाची, म्हणजे शिंतो देवळाची रीत वेगळी आहे. मोठ्या, प्रसिद्ध जिंजात पाट्या आणि कर्मचारी असतात. वस्तीतल्या छोट्या जिंजात मात्र बहुतेक वेळा कुणीच नसतं. झाडलोट आणि उत्सवाचा खर्च आसपासची कुटुंबंच बघतात. आपण मागे ठेवलेला पसारा त्यांनाच आवरावा लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे हे जिंजा आहे की बौद्ध मंदिर, ते ओळखा. दाराशी तोरिइ, म्हणजे दोन खांबांवर आडव्या तुळया असलेली कमान दिसली तर बहुधा जिंजा. उदबत्त्यांचं मोठं पात्र दिसलं तर बौद्ध मंदिर. तोक्योत आसाकुसाला सेन्सो-जी हे बौद्ध मंदिर आणि आसाकुसा जिंजा अगदी शेजारी शेजारी आहेत. पहिल्या ठिकाणी टाळ्या वाजवायच्या नाहीत, दुसऱ्या ठिकाणी वाजवायच्या. १८६८ साली मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध स्थळं वेगळी करायचा हुकूम काढला. त्याआधी अनेक ठिकाणी दोन्ही एकाच आवारात नांदत होती, म्हणून आजही गोंधळ होतो.

तोरिइखालून जाण्याआधी थांबून किंचित वाका. पुढची वाट मधोमध चालू नका, ती देवाची मानतात. कडेने जा.

सगळ्यात जास्त चुका दर्शनाआधी हात-तोंड शुद्ध करायच्या पाण्याच्या कुंडापाशी होतात. हे पाणी पिण्यासाठी नाही आणि तोंडावर मारण्यासाठीही नाही. पळी उजव्या हातात घेऊन एकदाच भरायची आणि त्या एका पळीत सगळं उरकायचं. आधी डावा हात धुवायचा, मग पळी डाव्या हातात घेऊन उजवा. पुन्हा पळी उजवीकडे, डाव्या ओंजळीत थोडं पाणी घेऊन चूळ भरायची, डावा हात परत धुवायचा. शेवटी पळी उभी धरली की उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळतं आणि पुढच्या माणसासाठी दांडा स्वच्छ होतो. पळीला ओठ लावणं आणि कुंडात चूळ टाकणं, या दोन गोष्टी कधीच करू नका. पाणी कुंडाबाहेर, पायाशी सोडायचं. कोविडपासून बऱ्याच ठिकाणी पळ्या काढून टाकल्या आहेत. तिथे वाहत्या धारेखाली नुसते हात धुतले तरी चालतं.

आता दर्शन. चपला-बूट काढू नका. नमस्कार बाहेर उभं राहूनच करायचा असतो. आत बसून खास प्रार्थना करवून घेणार असाल तेव्हाच पादत्राणं काढायची. दानपेटीत नाणं हलकेच सोडा, लांबून भिरकावू नका. पाच येनचं भोक असलेलं नाणं शुभ मानतात. रुपयाची नाणी मात्र अजिबात टाकू नका, ती तिथे बदलून मिळत नाहीत. एक-एक येनची मूठभर चिल्लर रिकामी करणंही बरं नव्हे. जानेवारी २०२२पासून जपानच्या पोस्ट बँकेत ठरावीक संख्येपेक्षा जास्त नाणी भरायला शुल्क पडतं, आणि त्याचा फटका अशा छोट्या देवळांना बसतो.

घंटेचा दोर असेल तर एक-दोनदा हलवा. रात्री वाजवू नका, घरं भिंतीला लागून असतात. मग कमरेतून दोनदा खोल वाका. छातीसमोर तळवे जुळवून उजवा थोडा खाली सरकवा, दोन टाळ्या वाजवा, तळवे पुन्हा जुळवून मनातलं सांगा, हात खाली घ्या आणि एकदा वाका. इझुमो ताइशासारख्या काही ठिकाणी टाळ्या चार असतात, पण गल्लीतल्या जिंजात दोन धरून चाला. क्रम चुकला तर घाबरू नका, शांतपणे पुढे चला.

उदबत्ती, निरांजन, कापूर यांतलं काहीही पेटवू नका. इमारती लाकडी आहेत, शिवाय उदबत्ती ही तिथे बौद्ध मंदिरातली रीत. फळं, मिठाई ठेवून निघू नका, कावळे ती विस्कटतात. कोल्ह्यांच्या मूर्तींना किंवा गवताचा दोर बांधलेल्या झाडाला कुंकू लावणं तर नकोच. झाडाला मिठीही मारू नका. मागच्या गाभाऱ्याला सहसा कुंपण असतं, तेव्हा प्रदक्षिणेसाठी वाट शोधत हिंडू नका.

आणखी एक गोष्ट आपल्याला लगेच पटेल. घरात मृत्यू झाला असेल तर जपानी लोकही साधारण ५० दिवस जिंजात जात नाहीत. सुतकात असाल तर दर्शन पुढे ढकला.

फोटो आवारात चालतात. देवळाच्या आतला भाग आणि चालू विधी मात्र टिपू नका. नोव्हेंबरात तीन, पाच, सात वर्षांची मुलं किमोनो घालून येतात, तेव्हा आई-वडिलांना विचारल्याशिवाय कॅमेरा वर करू नका.

जिंजात काढलेली भविष्याची चिठ्ठी वाईट निघाली तर ती ठरवून दिलेल्या तारेवर बांधा, झाडाच्या फांदीला नको. तिथून घेतलेल्या ताईताची पिशवी उघडून बघू नका.

गोशुइन, म्हणजे देवळाचा शिक्का आणि हस्ताक्षर हवं असेल तर आधी दर्शन घ्या, मग खास वही पुढे करा. साधी वही सहसा घेत नाहीत. दक्षिणा बहुधा ३०० ते ५०० येन, सुटे जवळ ठेवा. कार्यालय बंद दिसलं तर दार वाजवत बसू नका. एकच पुजारी अनेक देवळं सांभाळतो आणि शिक्का कुठे मिळेल ते बऱ्याचदा दारावरच लिहिलेलं असतं. त्या कागदावर फोनमधलं भाषांतर धरा आणि तिकडे जा.