जीवनसारणी कशी मांडायची: वयाप्रमाणे मृत्यूची जोखीम मोजण्याची रीत

नमुना नोंदणी योजना म्हणजे निवडक गावे आणि वॉर्डांतले जन्म-मृत्यू सतत नोंदणारी सरकारी योजना. तिच्या २०१४-१८ च्या सारणीनुसार भारतातले जन्मवेळचे सरासरी आयुर्मान ६९.४ वर्षे होते. पासष्टीतला माणूस हा आकडा वाचतो आणि आपली चार-पाच वर्षे उरली असे धरून बसतो. कुणी गुडघ्याचे ऑपरेशन टाळतो, कुणी ठेवी मोडतो. हे वाचन चुकीचे आहे आणि त्याचे नुकसान खरे असते. ६९.४ या सरासरीत पाळण्यात दगावलेली बाळे आहेत, विशीत अपघातात गेलेली मुले आहेत. साठी गाठलेल्या माणसाने ती सगळी वळणे पार केलेली असतात. त्याच सारणीत साठाव्या वर्षापुढे सरासरी अठराच्या आसपास वर्षे दिसतात. म्हणून आयुर्मानाच्या एका आकड्यावर न थांबता त्यामागची जीवनसारणी, म्हणजे प्रत्येक वयाला किती जण हयात उरतात याचा तक्ता, मांडता यायला हवी. कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर एवढ्यावर हे काम होते. एक्सेल असेल तर तासाभरात.

आधी वयाप्रमाणे बदलणाऱ्या मृत्यूच्या जोखमीच्या वक्राचा आकार डोळ्यासमोर ठेवा, कारण पुढे आकडे चुकले की तोच आधी सांगतो. जन्मानंतर जोखीम एकदम जास्त असते, मग कोसळते, दहा-बारा वर्षांच्या आसपास तळाला जाते. पंधरा ते पंचवीसमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, अपघात आणि आत्महत्यांमुळे थोडी वर येते. तिशी-पस्तिशीनंतर ती सतत चढत राहते.

सुरुवातीची घसरण किती तीव्र असते ते २०२० च्या राष्ट्रीय आकड्यांत पाहा. हजार जिवंत जन्मांमागे पाच वर्षांच्या आत ३२ मुले दगावली, त्यांतली २८ पहिल्या वर्षात आणि त्यांतली २० पहिल्या २८ दिवसांत. म्हणजे पाच वर्षांच्या जोखमीतला साठ टक्क्यांहून मोठा वाटा पहिल्या चार आठवड्यांत. त्यामुळे ०-४ असा एकच गट करू नका. ० (एक वर्ष पूर्ण होण्याआधी) आणि १-४ असे दोन गट हवेतच. माहिती मिळत असेल तर पहिले २८ दिवसही वेगळे काढा. हा भाग बदलता येतो, हे गडचिरोलीत सिद्ध झाले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली आणि तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला. हे मोजता आले, कारण प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू गावातच नोंदला जात होता. एक-दोन दिवस जगलेले बाळ सरकारी दप्तरात अनेकदा पोचतच नाही.

माहिती गोळा करताना

प्रत्येक वयोगटासाठी दोनच संख्या लागतात: वर्षभरातले मृत्यू आणि त्या गटाची मध्यवर्षीय (१ जुलैची) लोकसंख्या. पहिलीला दुसरीने भागले की त्या वयाचा मृत्युदर मिळतो. राज्य पातळीवर काम असेल तर हे दर नमुना नोंदणीच्या वार्षिक अहवालात तयार मिळतात. तालुक्याचे किंवा गावाचे काम असेल तर स्वतः मोजावे लागतात आणि अडचणी तिथे सुरू होतात.

पहिली अडचण वयाची. महाराष्ट्रात जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच लिहिली. तारखेबरोबर वर्षही एक-दोनने पुढेमागे झालेले असते. तोंडी विचारले तर लोक साठ, पासष्ट, सत्तर असे गोल आकडे सांगतात. ५८-५९ चे लोक त्यामुळे ६०-६४ च्या गटात ढकलले जातात. मृत्यूंची वये आणि लोकसंख्येची वये सारखीच चुकली असतील तर फारसे बिघडत नाही. बिघडते ते मृत्यूचे वय आधार कार्डावरून आणि लोकसंख्येचे वय घरोघरच्या तोंडी पाहणीतून घेतल्यावर. शक्यतो दोन्ही एकाच प्रकारच्या पुराव्यावरून घ्या. वयाचा दाखला नसेल तर ‘बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होतात?’ असा प्रश्न विचारा. त्यावरून वय बऱ्यापैकी अचूक काढता येते.

दुसरी अडचण ठिकाणाची. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, माणूस राहात होता तिथे नाही. सिंधुदुर्गातला रुग्ण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात दगावला तर ती नोंद गोव्यात जाते. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरवर भिस्त ठेवली तर गावाची जोखीम खोटीच कमी दिसेल आणि मोठ्या इस्पितळाच्या शहराची खोटीच जास्त. नेहमीचा पत्ता पाहून नोंदी मूळ गावाला परत लावा. आशा सेविकांची यादी, रेशनकार्डातून कमी झालेली नावे आणि पेन्शन बंद झालेल्यांची यादी ताडून पाहा. म्हाताऱ्या विधवांचे मृत्यू अनेकदा सुटतात, कारण त्यांच्या नावावर जमीन किंवा खाते नसले की दाखल्याची कुणाला गरज पडत नाही.

तिसरी अडचण लहान आकड्यांची. दोन हजार वस्तीच्या गावात वर्षाला बारा-पंधरा मृत्यू होतात. मृत्यूंच्या संख्येचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की नुसत्या योगायोगाने किती चढउतार होऊ शकतो याचा अंदाज येतो. १४ मृत्यूंना तो अधिक-उणे ७ आहे. म्हणजे एका वर्षी ८ आणि दुसऱ्या वर्षी २० झाले तरी गावात काही बिघडले असे म्हणता येत नाही. निदान तीन ते पाच वर्षांचे मृत्यू एकत्र करा आणि लोकसंख्येलाही तितक्याच वर्षांनी गुणा. हा गुणाकार विसरला की दर तिप्पट-पाचपट येतात.

दरापासून शक्यतेपर्यंत

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात. वार्षिक मृत्युदर म्हणजे पाच वर्षांत मरण्याची शक्यता नव्हे. दराला नुसते ५ ने गुणलेले चालत नाही, कारण पहिल्या वर्षी गेलेला माणूस पुढच्या वर्षांच्या जोखमीत उरत नाही. पाच वर्षांच्या गटासाठी सूत्र असे:

शक्यता = (५ × दर) ÷ (१ + २.५ × दर)

यातला २.५ म्हणजे गटातले मृत्यू सरासरीने पाच वर्षांच्या मध्यावर होतात हे गृहीतक. मोठ्यांसाठी ते चालते. पहिल्या वर्षासाठी मुळीच चालत नाही, कारण बाळांचे बहुतेक मृत्यू सुरुवातीच्या दिवसांत होतात. तिथे थेट अर्भक मृत्युदर वापरा. हजारी २८ असेल तर शक्यता ०.०२८. तो दर मुळातच जन्मांमागे मोजलेला असतो, म्हणून रूपांतर लागत नाही.

आता साठीपुढची सारणी प्रत्यक्ष मांडू. खालचे दर आकडेमोड कळावी म्हणून घेतले आहेत. कोणत्याही जिल्ह्याचे नाहीत. सुरुवात साठ वर्षांच्या १०,००० माणसांपासून.

| वय | वार्षिक दर | ५ वर्षांतली शक्यता | गटाच्या सुरुवातीला हयात | गटात जगलेली वर्षे |
|---|---|---|---|---|
| ६०-६४ | ०.०१८ | ०.०८६ | १०,००० | ४७,८४८ |
| ६५-६९ | ०.०२९ | ०.१३५ | ९,१३९ | ४२,६०५ |
| ७०-७४ | ०.०४५ | ०.२०२ | ७,९०३ | ३५,५२० |
| ७५-७९ | ०.०७० | ०.२९८ | ६,३०५ | २६,८३० |
| ८०-८४ | ०.११० | ०.४३१ | ४,४२७ | १७,३६० |
| ८५+ | ०.१९० | १ | २,५१७ | १३,२४७ |

हयात माणसांना शक्यतेने गुणले की त्या गटातले मृत्यू मिळतात. ते वजा केले की पुढच्या ओळीतली हयात संख्या. सारणीत शक्यता तीन दशांशांपर्यंत छापली आहे, पण गुणताना पूर्ण आकडा ठेवा, नाहीतर खाली जाता जाता फरक साठत जातो. जगलेल्या वर्षांसाठी गटाच्या सुरुवातीची आणि शेवटची हयात संख्या मिळवा आणि २.५ ने गुणा. शेवटचा गट उघडा असतो, त्याला वरची मर्यादा नाही. म्हणून तिथे हयात संख्येला दराने भागा: २,५१७ ÷ ०.१९० = १३,२४७.

शेवटच्या रकान्याची बेरीज १,८३,४१० येते. तिला १०,००० ने भागा: १८.३. साठीच्या माणसापुढे सरासरी एवढी वर्षे. आता हीच बेरीज ७० पासून खालची घ्या आणि ७,९०३ ने भागा: ११.८. ऐंशीला ६.९ येतात. म्हणजे साठीचा माणूस सरासरीने ७८ पर्यंत, सत्तरीचा ८२ च्या जवळ, ऐंशीचा ८७ च्या जवळ जातो. उरलेली वर्षे कमी होतात, पण पोचण्याचे वय पुढे सरकत राहते. दुसऱ्या कुठल्या वयाच्या सरासरीवरून स्वतःचे आयुष्य मोजू नये, ते याचसाठी.

८०-८४ च्या ओळीत दराला नुसते ५ ने गुणून पाहा: ०.५५ येते, खरी शक्यता ०.४३ आहे. साठीच्या ओळीत हा फरक ०.०९० आणि ०.०८६ एवढाच. म्हणून तरुण वयोगटांत ही चूक लपून राहते आणि म्हातारपणी सगळी सारणी बिघडवते.

सारणी तपासणे

विम्याचे गणित करणारे इंग्रज गणिती बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये दाखवले की प्रौढ वयात मृत्यूची जोखीम ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जाते. विल्यम मेकहॅम यांनी १८६० मध्ये त्यात वयाशी संबंध नसलेला एक स्थिर भाग मिळवला, अपघातासारखा. तपासणीची सर्वांत उपयोगी रीत यातूनच निघते. आलेखात आडव्या अक्षावर वय आणि उभ्या अक्षावर दर घ्या, पण उभा अक्ष लॉग स्केलवर ठेवा, म्हणजे सारख्या अंतरावर दर सारख्याच पटीने वाढतो. पस्तिशी-चाळिशीनंतर बिंदू जवळपास सरळ रेषेत यायला हवेत.

दुपटीचा काळ असा काढा: दोन दरांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग घ्या, मधल्या वर्षांनी भागा आणि येईल त्याने ०.६९३ ला भागा. वरच्या सारणीत ०.११० ÷ ०.०१८ = ६.११, त्याचा लॉग १.८१, वीस वर्षांनी भागून ०.०९०५, म्हणून दुपटीचा काळ सुमारे ७.७ वर्षे. खरे आकडे घेऊन करायचे तर भारतीय विमाधारकांची २०१२-१४ ची सारणी घ्या. तिच्यात वर्षभरातली शक्यता चाळिशीला हजारी सुमारे १.७, पन्नाशीला ४.४, साठीला ११.२ आणि सत्तरीला २४ आहे. चाळीस ते साठमध्ये दुपटीचा काळ साडेसातच्या आत येतो, साठ ते सत्तरमध्ये नऊ. खऱ्या माहितीत एवढा असमानपणा असतोच. पाचच्या खाली किंवा बाराच्या वर आकडा आला तर मात्र आधी माहितीवर संशय घ्या.

रेषा ६० किंवा ७० ला दातेरी दिसली तर गोल वयांचा दोष. पंच्याहत्तरीनंतर रेषा खाली वाकली तर मृत्यू सुटले आहेत किंवा वये फुगवून सांगितली आहेत. नव्वदीपुढे आपल्याकडच्या आकड्यांवर मी तरी विसंबणार नाही, म्हणूनच ८५+ असा उघडा गट ठेवला. आणि विमाधारकांची सारणी सगळ्या समाजाला लावू नका. विमा घेताना तब्येत आणि उत्पन्न पाहिलेले असते, त्यामुळे ते दर सर्वसाधारण लोकांपेक्षा कमी असतात.

तुलना आणि नियोजन

दोन जिल्ह्यांची तुलना हजारी ढोबळ मृत्युदराने (वय न पाहता एकूण मृत्यू भागिले एकूण लोकसंख्या) करू नका. केरळचा ढोबळ दर देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, तरी तिथली माणसे जास्त जगतात. तिथे वयस्कांचे प्रमाणच मोठे आहे. कोकणातही असेच. तरुण मुंबईला जातात, म्हातारी माणसे गावी राहतात, मग जिल्ह्याचा दर चढतो. प्रत्येक वयोगटाचा दर त्याच गटाशी ताडा, किंवा दोन्हीकडचे दर एकाच लोकसंख्येच्या रचनेला लावून मग बेरजा पाहा.

निवृत्तीच्या नियोजनात तर सरासरी आयुष्य हा चुकीचाच आकडा आहे. तिथे हयात संख्येचा रकाना वापरा. वरच्या सारणीत साठीचा माणूस ऐंशीपर्यंत जगण्याची शक्यता ४४ टक्के आहे. नवरा-बायको दोघे साठीचे असतील आणि दोघांना हेच दर लागू धरले, तर दोघेही ऐंशीआधी जाण्याची शक्यता ०.५५७ × ०.५५७, म्हणजे ३१ टक्के. निदान एक जण ऐंशीला हयात असण्याची शक्यता ६९ टक्के, पंच्याऐंशीला ४४ टक्के. या गुणाकारात दोघांचे आयुष्य एकमेकांपासून स्वतंत्र धरले आहे. प्रत्यक्षात जोडीदार गेल्यावर उरलेल्याची जोखीम काही काळ वाढते. पण आपल्याकडे बायको बहुधा वयाने लहान असते आणि बायका जगतातही जास्त, त्यामुळे तिच्यासाठी ठेवायची तरतूद या आकड्यापेक्षा लांबची हवी. पुरुष आणि स्त्रियांच्या सारण्या वेगळ्या मांडा, तिचे खरे वय घाला आणि घरखर्चाची वर्षे तिच्या रकान्यावरून ठरवा.

सारणी कोणत्या वर्षांच्या दरांवर बेतली आहे ते तिच्या माथ्यावरच लिहून ठेवा. तिच्यात आजचे दर पुढेही तसेच राहतील असे धरलेले असते. २०२०-२१ ची साथीची वर्षे सरासरीत आली असतील तर ती वेगळी काढून सारणी पुन्हा एकदा मांडा आणि दोन्ही शेजारी ठेवा.