मासळीच्या जुन्या गाडीला खालून गंज लागला असेल तर

मासळीच्या गाडीचा गंज वरून कळत नाही. केबिन चकचकीत, हौद्याला नवा रंग, मागे झोकात नाव घातलेलं आणि खाली चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, पापुद्रे सुटलेले, अशा गाड्या आमच्या रत्नागिरीत कितीतरी दिसतात. आमची टाटा 407 ही 2010 चं मॉडेल. मिरकरवाडा बंदरात मासळी भरायची आणि आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, हा तिचा धंदा. ती मी चालवत नाही. सासऱ्यांच्या पश्चात हिशेब, पासिंग (आरटीओची तपासणी) आणि डागडुजी माझ्याकडे आली, त्यात गाडीखाली शिरणंही आलंच. ड्रायव्हरचं म्हणणं एकच, "वहिनी, जुनी गाडी आहे, मारा काळं ऑइल आणि सोडा." तसं सोडून का चालत नाही, ते सांगते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. क्रेटमधला बर्फ वितळला की मासळीवरचं खारं पाणी घेऊन तो हौद्याच्या फटींतून चासीवर ठिबकतो. पाणी वाळतं, मीठ राहतं, आणि ते मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं. म्हणजे पाऊस नसतानाही लोखंड ओलंच. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्रे रिव्हेटने जोडलेले असतात तिथे तो आतल्या आत फुगतो, पत्रे उचकटतो, रिव्हेट ताणतो. म्हणून उघड्या भागावरचा तांबूस थर बघून हबकायचं कारण नाही. जोड फुगलेला दिसला तर मात्र त्याच दिवशी मिस्त्रीला दाखवा.

आधी ठोकून बघा

गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, घोडे (लोखंडी स्टँड) लावा, चाकांना उटी द्या. सोबत लहान हातोडी, जुना स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि खडू. डोळ्यांना चष्मा हवाच, वरून पडणारा गंज थेट डोळ्यात जातो.

मी पुढून मागे जाते. चासीची पट्टी हातोडीने हलकी ठोकत जायची. चांगलं लोखंड टणटणीत वाजतं, खाल्लेलं लोखंड बद्द वाजतं. जिथे आवाज बदलला तिथे खडूची खूण करायची आणि स्क्रू ड्रायव्हर टोचायचा. टोक रुतलं किंवा पापुद्र्यांची चळत हातात आली तर ते काम रंगाचं राहिलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ पाट्यांच्या हँगरपाशी, म्हणजे स्प्रिंगच्या पाटे चासीला टांगलेल्या जागी, द्या. मागच्या हँगरच्या वर, चासीच्या खालच्या ओठात (पट्टीच्या वळलेल्या कडेत) चिखल आणि मासळीचे खवले साचून त्याचा लगदा होतो. वरून बघितलं तर ती साधी माती वाटते. ती खरवडून काढली की खाली काळपट, ओलसर, थर सुटलेलं लोखंड दिसतं. आमच्या गाडीला याच जागी व्हर्नियर लावून ओठाची जाडी मोजली होती, आणि तीच पट्टी केबिनखाली, जिथे पाणी पोचत नाही, तिथेही मोजली. दोन आकड्यांतला फरक किती खाल्लं ते सांगतो. अंदाजाने भांडत बसण्यापेक्षा हे बरं.

दुसरी चोरजागा म्हणजे हौदा आणि चासी यांच्यामधली लाकडी पट्टी. लाकूड पाणी पितं आणि महिनोन्‌महिने चासीला चिकटून ओलं राहतं. हौद्याचे यू-बोल्ट सैल करून, हौदा थोडा उचलल्याशिवाय तिथलं काही दिसत नाही. हे काम दरवर्षी कुणी करणार नाही, पण गाडी दहा वर्षांची झाली असेल तर एकदा तरी करा.

ब्रेकचे लोखंडी पाइप क्लिपखाली गंजतात, कारण क्लिपमध्ये मीठ अडकतं. क्लिप उघडूनच बघा. पाइपाला खड्डे पडलेले दिसले तर घासून रंगवायचा नाही, सरळ बदलायचा. ऑइल ब्रेकच्या गाडीचा पाइप आंबा घाट उतरताना फुटला तर काय होईल, ते सांगायला नको. डिझेल टाकीचे पट्टे, बॅटरीचा ट्रे आणि केबिनचे माउंटिंग या तीन जागा पटकन होतात. बॅटरीच्या ट्रेवर ॲसिड सांडलेलं असेल तर आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा.

रंग कधी आणि कुठे

आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. गाडी रिकामी, म्हणून सगळे मालक तेव्हाच ती रंगाला काढतात. माझ्या मते याहून वाईट मुहूर्त नाही. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला निम्म्याहून जास्त याच दिवसांत. सकाळी घासून पांढरं केलेलं लोखंड संध्याकाळी पिवळं पडलेलं असतं, आणि त्या ओलसर पिवळ्यावर रंग मारला की दिवाळीपर्यंत तो सालीसारखा सुटतो. खाली गंज वाढतच असतो, फक्त दिसत नाही.

बंदीच्या दिवसांत पाण्याची, पान्याची आणि वेल्डिंगची कामं करा: धुणं, ठोकून बघणं, पाइप-बोल्ट बदलणं. रंग मात्र जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तोही घाटावर. गाडी कोल्हापूरला जातेच. वारा सुटला आणि होड्या बंदरात अडकल्या की तिथल्या एखाद्या शेडमध्ये दोन-तीन दिवस ठेवायची. तिकडची थंडीतली कोरडी हवा आपल्याला फुकट मिळते.

क्रम असा. आधी गोड्या पाण्याने भरपूर धुणं, मग पूर्ण वाळवणं. घासायला घेण्याआधी मीठ जायला हवं, नाहीतर तारेचा ब्रश ते लोखंडाच्या खड्ड्यांत आणखी घोळवतो. मग पापुद्रे हातोडी आणि पटाशीने उडवायचे, उरलेलं ग्राइंडरला कप ब्रश लावून. खड्ड्यांतला घट्ट बसलेला थोडा गंज निघत नाही. त्यावर टॅनिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर पातळ हाताने लावा, ते काळं पडेल. सुट्या गंजावर त्याचा उपयोग नाही. फॉस्फोरिक ॲसिडवालं घेतलं तर जोडांच्या फटींत जाऊ देऊ नका, तिथून ते धुऊन निघत नाही.

प्रायमर त्याच दिवशी. स्वस्तातलं रेड ऑक्साइड चालतं, पण ते एकटं पाणी अडवत नाही. त्यावर वरचा रंग न मारता गाडी धंद्याला सोडली तर पैसे गेले. मला दोन डब्यांचं इपॉक्सी प्रायमर परवडतं, चिकटतं घट्ट आणि मिठाला टिकतं. हार्डनर डब्यावर लिहिलंय त्याच मापाने घाला आणि एका वेळी थोडंच कालवा. जुन्या साध्या इनॅमलवर इपॉक्सी थेट मारू नका, खालचा रंग सुरकुततो. वर चासी ब्लॅक या काळ्या रंगाचे दोन हात, पहिला नीट वाळल्यावर दुसरा. कडा, रिव्हेटची डोकी आणि बोल्ट यांना स्प्रेआधी ब्रशने एक हात द्या. गंज कडेपासून सुरू होतो, आणि स्प्रेचा रंग नेमका तिथेच पातळ बसतो.

डांबरी किंवा रबरी अंडरकोटिंगबद्दल विचाराल तर नवीन गाडीला जरूर करा. जुन्या गाडीला गंजावरून ते थापणं म्हणजे ओल आत कोंडणं.

काळं ऑइल, म्हणजे इंजिनातून काढलेलं वापरलेलं ऑइल, मी मारू देत नाही. ते ब्रेकच्या होजला आणि रबर बुशला लागलं की रबर फुगून मऊ पडतं, लायनरवर गेलं तर ब्रेक लागत नाही, धूळ चिकटते आणि पावसात निम्मं ओढ्यात जातं. आतल्या फटींसाठी, लाकडी पट्टीशेजारी, मेणाचं अँटी-रस्ट स्प्रे मिळतं ते मारा. सायलेन्सर, ड्रम आणि रबर आधी झाकून घ्या.

चासीच वेल्डिंग करायची वेळ आली तर कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे जाऊ नका. ओठावर आडवं वेल्डिंग केलं की तिथूनच तडा जातो. जोडपट्टीची टोकंही चौकोनी न ठेवता निमुळती हवीत. बॅटरीच्या वायरी काढलेल्या, डिझेल टाकी उतरवलेली आणि अर्थिंग कामाच्या अगदी जवळ लावलेलं, एवढं तुम्ही स्वतः बघा.

रोजचं

रंगापेक्षा जास्त फरक पाण्याने पडतो. हौद्याचं पाणी एका जागी गोळा करून पाइपने खाली टांगलेल्या कॅनमध्ये सोडा. चासी वाचते, आणि घाटात मागून येणारा दुचाकीवाला घसरत नाही. कॅन बंदरावर किंवा रस्त्यात ओतायचा नाही, हे ड्रायव्हरला वेगळं सांगावं लागतं.

गाडी रिकामी झाली की मीठ वाळायच्या आत धुवा. जोरापेक्षा भरपूर पाणी हवं. प्रेशर गन लावलीत तर हब आणि प्रोपेलर शाफ्टच्या बेअरिंगपासून लांब ठेवा, नंतर ग्रीसिंग करा. पाणी जिभेवर टाकून बघा. किनाऱ्यालगतच्या विहिरी आणि बोअरचं पाणी मचूळ असतं, त्याने गाडी धुणं म्हणजे तिला पुन्हा मीठ लावणं. आम्ही गाडी कोल्हापुरातच धुऊन आणतो.

चासी नंबरजवळ ग्राइंडर न्यायचा नाही. आठ वर्षांवरच्या गाडीचं पासिंग दरवर्षी असतं आणि तिथे नंबर वाचता आला पाहिजे. ती जागा आधी टेपने झाकून घ्या, शेवटी बारीक पॉलिश पेपर हाताने हलका फिरवा आणि ग्रीसचा पातळ हात द्या. पासिंगच्या दिवशी फडक्याने पुसलं की कागदावर नंबराची छाप स्वच्छ येते.