बॅडमिंटनची रॅकेट घेताना गटिंगकडे पण बघा
नवीन रॅकेट घेताना सगळे हेड हेवी (डोक्याकडे वजन जास्त) की हेड लाइट (डोकं हलकं) यावरच अडकतात, पण खरा फरक गटिंगने, म्हणजे रॅकेटला स्ट्रिंग (तार) कोणती आणि किती ताणून बसवली त्याने पडतो राव. मागून स्मॅश मारणारा असाल तर हेड हेवी, डबल्सला नेटजवळ पटापट खेळत असाल तर हेड लाइट, आणि वजन ४यू म्हणजे ८०-८४ ग्रॅम बहुतेकांना पुरतं. आता टेन्शन, म्हणजे स्ट्रिंगचा ताण, प्रो लोक ३० पाउंड लावतात म्हणून आपण पण लावायचं नाही, जास्त टेन्शनला स्वीट स्पॉट, म्हणजे जाळीचा जिथे फटका सगळ्यात छान बसतो तो भाग, छोटा होतो आणि शटल लांब न्यायला सगळा जोर हातालाच लावावा लागतो, मग कोपर दुखतं. २२-२४ ठेवा. स्ट्रिंग ०.७० मिमीची जास्त टिकते, ०.६६ वाली आवाज मस्त देते पण लवकर तुटते.